सत्काराची शाल नको, कोरसमध्ये जागा द्या

दर वर्षी ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन येतो आणि तीनच दिवसांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन. जाफराबाद तालुक्यात हे दोन्ही दिवस पाळले जातात. पहिल्या दिवशी शाळेत किंवा एखाद्या कार्यालयात छोटा कार्यक्रम होतो. भाषणे होतात, कुणाला साहित्य मिळते, कुणाचा सत्कार होतो. दुसऱ्या दिवशी विहारात अभिवादन, त्रिशरण-पंचशील आणि भीमगीते. पहिल्या कार्यक्रमात दिव्यांग माणूस असतो, पण घेणारा म्हणून. दुसऱ्या कार्यक्रमात तो बहुतेक वेळा नसतोच, आणि असला तरी शेवटच्या खुर्चीवर. गाणारा, वाजवणारा, चित्र काढणारा, सूत्रसंचालन करणारा म्हणून तो दोन्ही दिवशी दिसत नाही.

हे आम्ही दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवण्यासाठी लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका गावच्या जयंतीत आम्हीच एका अंध तरुणाचा सत्कार केला. शाल, पुष्पगुच्छ, टाळ्या, फोटो, सगळे झाले. स्टेजवरून हात धरून उतरवताना त्याने विचारले, "दादा, पार्टीत कोरसला बसू का? मला सगळी गाणी पाठ आहेत." आम्ही म्हणालो, प्रॅक्टिस रात्री असते, तू येणार कसा, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी आम्ही बघितले नाही. त्याने पुन्हा विचारलेही नाही. त्याचे घर विहारापासून तीन गल्ल्या दूर होते आणि आमच्यापैकी निम्मे कार्यकर्ते रोज त्याच रस्त्याने प्रॅक्टिसला जात होते.

त्या एका प्रश्नात सगळा विषय आला आहे. दिव्यांगांसाठी कार्यक्रम करणे आणि दिव्यांगांना कार्यक्रमात घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आपल्याला जमते. दुसरी आपण अजून सुरूच केलेली नाही.

आकडे काय सांगतात

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांहून अधिक दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. देशभरात ही संख्या सुमारे २ कोटी ६८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. त्यातले जवळपास ६९ टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. आपल्यासाठी यातला सर्वांत महत्त्वाचा आकडा वेगळा आहे. अनुसूचित जातींमध्ये हे प्रमाण २.४५ टक्के होते, म्हणजे देशाच्या सरासरीपेक्षा जास्त. कुपोषण, बाळंतपणातली हेळसांड, वेळेवर न मिळालेले उपचार, धोक्याची कामे, यांचा भार ज्या वस्त्यांवर जास्त पडतो तिथे अपंगत्वही जास्त असणार, हे समजायला मोठा अभ्यास लागत नाही.

आणि हे आकडे जुन्या मोजणीचे आहेत. तेव्हा अपंगत्वाचे मोजकेच प्रकार धरले जात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने २१ प्रकार मान्य केले. त्यात कुष्ठमुक्त व्यक्ती आहेत, स्वमग्न मुले आहेत, ॲसिड हल्ल्यातील पीडित आहेत, आणि सिकलसेलचे रुग्णही आहेत. सिकलसेल विदर्भातल्या आदिवासी आणि बौद्ध कुटुंबांत किती खोलवर पसरला आहे, हे तिथल्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. म्हणजे व्हीलचेअर किंवा पांढरी काठी दिसली तरच अपंगत्व, ही आपली समजूत कायद्याने कधीच मागे टाकली आहे. आपल्या कोरसमध्ये बसलेला एखादा मुलगा रात्रभर जागू शकत नसेल, तर तो आळशी आहे असे म्हणण्याआधी थांबले पाहिजे.

कायद्यात कलेचा हक्क आहे

दिव्यांगांचा कायदा म्हटले की आपल्याला नोकरीतले ४ टक्के आरक्षण आणि उच्च शिक्षणातल्या ५ टक्के जागा आठवतात. पण याच कायद्याचे कलम २९ संस्कृती आणि मनोरंजन याविषयी आहे, आणि ते कार्यकर्त्यांनी मुद्दाम वाचावे असे आहे. दिव्यांग कलावंत आणि लेखकांना सुविधा, मदत व प्रायोजकत्व द्यावे, कला त्यांच्यापर्यंत पोहोचेल अशी करावी, नृत्य, कलावर्ग, स्काउटिंग, मैदानी शिबिरे यांत त्यांना सहभागी होता यावे, आणि सांस्कृतिक व कलाविषयक अभ्यासक्रमांची रचना त्यांना शिकता येईल अशी बदलावी, असे हे कलम शासनाला सांगते. दिव्यांगांचा इतिहास मांडणारे संग्रहालय उभारावे, हेही त्यात आहे. ज्यांचा इतिहास लिहिला गेला नाही त्यांनी तो लिहावा, हा विचार आपल्याला नवा नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराचे कलम ३० सांस्कृतिक जीवनातील सहभागाविषयी आहे. भारताने तो करार २००७ मध्ये मान्य केला. म्हणजे कलेत भाग घेणे हा पोट भरल्यानंतरचा शौक नाही, तो हक्क आहे.

इमारतींचेही तसेच. कायद्याने 'सार्वजनिक इमारत' या शब्दात धार्मिक आणि सांस्कृतिक कामासाठी लोक वापरतात त्या इमारतीही धरल्या आहेत, मग त्या सरकारी असोत वा खाजगी. म्हणजे आपले समाजमंदिर आणि विहार त्यात येतात. जुन्या इमारती सुगम करण्यासाठी नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम २०१७ चे. मुदत केव्हाच उलटली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सुगमतेविषयीचा एक नियमच कायद्याशी विसंगत ठरवला. कारण त्या नियमाने सुगमता ही 'केली तर बरे' अशी शिफारस करून ठेवली होती. न्यायालयाने केंद्र सरकारला बंधनकारक मानके ठरवायला सांगितले. त्याच वर्षी जुलैमध्ये निपुण मल्होत्रा प्रकरणात न्यायालयाने चित्रपट आणि दृश्य माध्यमांत दिव्यांगांचे चित्रण कसे असावे याची मार्गदर्शक तत्त्वे दिली. अपंगत्वाची टिंगल करणारा विनोद आणि अपंगत्व समजून घ्यायला लावणारा विनोद यांतला फरक न्यायालयाने स्पष्ट केला. आपल्या गावातल्या नाटुकल्यांत आणि नकलांत तोतरा, लंगडा, बहिरा ही पात्रे आजही केवळ हसू आणण्यासाठी येतात. जातीवरून केलेला विनोद आपण ऐकून घेत नाही. मग हा का चालतो?

तालुक्यात कला शिकवते कोण?

कायदा दिल्लीत झाला. आता जाफराबादकडे येऊ. खेड्यातल्या मुलाला कला शिकवणारी व्यवस्था नेमकी कोणती?

शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीची पटसंख्या शंभराच्या वर असेल, तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अंशकालीन निदेशक हवेत. छोट्या गावांच्या शाळांत हा पट भरत नाही. तिथे वर्गशिक्षकच चित्रकला घेतात, तेच गाणी बसवतात, तेच जनगणनेच्या आणि निवडणुकीच्या कामालाही जातात. अशा शाळेत जिथे कोणत्याच मुलाला धड कलाशिक्षण नाही, तिथे कर्णबधिर मुलीला रंगसंगती कोण समजावणार आणि अंध मुलाच्या हाती पेटी कोण देणार? समावेशित शिक्षणासाठी समग्र शिक्षा अभियानात विशेष शिक्षक असतात, पण एकेका शिक्षकाकडे अनेक शाळा असतात. त्यांचा वेळ वाचन, लेखन आणि कागदपत्रांत जातो.

तरीही शाळेत एक दार उघडे आहे आणि त्याकडे आपले लक्ष नाही. शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, आणि शास्त्रीय संगीत, नृत्य, लोककला यांतले प्रावीण्य, यांचे वाढीव गुण दहावीला मिळतात. ज्या मुलीला ऐकू येत नाही तिची नजर अनेकदा तल्लख असते. स्थिरचित्र आणि संकल्पचित्र यांत ती वर्गात पहिली येऊ शकते. पण सूचना तोंडी दिल्या जातात, त्या तिला कळत नाहीत, म्हणून तिचा फॉर्मच भरला जात नाही. हे गुण तिच्या पुढच्या प्रवेशाचे गुण असतात. फॉर्म न भरणे ही छोटी चूक नाही.

शाळेबाहेर पाहिले तर आपल्या वस्तीतली खरी कलाशाळा कोणती? गायन पार्टी. जयंतीचे नाटुकले. विहारातले बालसंस्कार वर्ग. वर्षावासात रोज संध्याकाळी होणारे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन. आपल्यातले बहुतेक गायक, ढोलकीवाले, वक्ते कोणत्याही विद्यालयात शिकले नाहीत. ते कोरसमध्ये बसून, मोठ्यांच्या मागे टाळ धरून शिकले. म्हणूनच कोरसमधली जागा नाकारणे म्हणजे आपल्याकडच्या एकमेव कलाशाळेत प्रवेश नाकारणे. आम्ही त्या तरुणाला जे म्हणालो, त्याचा अर्थ हा होता.

जलशांची शिकवण

१९३१ च्या सुमारास नाशिक भागात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. त्यांच्याकडे थिएटर नव्हते, पैसा नव्हता, प्रशिक्षण नव्हते. तमाशाच्या फडात ज्यांना हलके समजले जाई, त्यांनी तोच बाज घेऊन गण-गवळणीऐवजी अस्पृश्यतेचा, शिक्षणाचा, पाणवठ्याचा प्रश्न मांडला. वामनदादा कर्डक शाळेत गेले नव्हते. त्यांना अक्षरओळख मोठेपणी झाली, आणि तरी त्यांची गाणी आज जाफराबादपासून मुंबईपर्यंत प्रत्येक वस्तीत आहेत. आपली चळवळच या अनुभवावर उभी आहे की ज्याला समाजाने नालायक ठरवले तो कलेत नालायक नसतो. त्याला फक्त जागा दिलेली नसते.

हीच गोष्ट संगीताच्या इतिहासात दुसरीकडेही दिसते. विष्णू दिगंबर पलुस्कर लहानपणी फटाक्याच्या अपघातात डोळ्यांना इजा झालेले. पुढे मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांना गाणे शिकायला मिळाले, आणि १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. ज्या परीक्षांची प्रमाणपत्रे आज आपली मुले मिळवतात त्या परंपरेच्या मुळाशी एक दृष्टिबाधित माणूस आहे. त्यांना गुरूच्या घरी जागा मिळाली, हा फरक महत्त्वाचा.

धम्मात काय आहे आणि आपण काय शिकलो

आपण बौद्ध आहोत, म्हणून हा प्रश्न धम्माच्या अंगानेही पाहिला पाहिजे. सोयीचे तेवढे सांगून चालणार नाही.

पाली साहित्यात लकुंटक भद्दिय नावाचे भिक्खू आहेत. ठेंगणे, दिसायला कुरूप, इतर भिक्खू त्यांना तुच्छ लेखत. तथागतांनी त्यांच्या शरीराकडे न पाहता त्यांची थोरवी सांगितली, आणि अंगुत्तर निकायातल्या अग्र शिष्यांच्या यादीत मधुर स्वर असणाऱ्यांमध्ये त्यांना श्रेष्ठ म्हटले. दुसरी खुज्जुत्तरा. कुबड असलेली, राणी सामावतीची दासी. फुले आणायला गेली असता तिने बुद्धांचा उपदेश ऐकला, तो जसाच्या तसा लक्षात ठेवला आणि राजवाड्यातल्या स्त्रियांना शिकवला. बहुश्रुत उपासिकांमध्ये बुद्धांनी तिला अग्रस्थान दिले. 'इतिवुत्तक' हा ग्रंथ तिच्या स्मरणातून आपल्यापर्यंत आला असे परंपरा मानते. ठेंगणा गायक आणि कुबड असलेली दासी, दोघेही धम्माच्या सांस्कृतिक वारशाचे मालक आहेत, लाभार्थी नव्हेत.

पण त्याच विनयपिटकातल्या महावग्गात हात-पाय नसलेल्या, अंध, मूक, बधिर, कुबड्या अशा व्यक्तींना प्रव्रज्या देऊ नये, असे नियमही आहेत. हे लपवून उपयोग नाही. आणि धम्मपदाच्या पहिल्या गाथेवरची अट्ठकथा ज्या अंध चक्खुपाल थेरांची गोष्ट सांगते, ती त्यांच्या अंधत्वाचे कारण मागच्या जन्मातल्या कृत्यात शोधते.

इथेच बाबासाहेब आपल्याला मोकळे करतात. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत बुद्धाचा मानायला नकार दिला. त्यांचे म्हणणे असे की गरिबांच्या आणि खालच्या मानल्या गेलेल्या लोकांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकावी, याशिवाय अशा सिद्धांताचा दुसरा हेतू दिसत नाही. अस्पृश्यतेला जे कारण दिले गेले तेच अपंगत्वाला दिले जाते: मागच्या जन्मीचे भोग. पहिल्याला आपण लाथ मारली. पण घरात दिव्यांग मूल जन्मले की आपल्याही आयाबायांच्या तोंडी हाच शब्द येतो, आणि मग ते मूल पाहुण्यांसमोर आणायचे नाही, मिरवणुकीत न्यायचे नाही, असे ठरते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे चालू असेल, तर काम अपुरे आहे.

नावाचेही तसेच आहे. 'दिव्यांग' हा शब्द आज कायद्याच्या मराठी नावात आणि सरकारी विभागांच्या नावांत आहे, म्हणून आम्हीही तो वापरतो. पण दिव्यांग चळवळीतल्या अनेकांना तो मान्य नाही. त्यांचे म्हणणे, आमच्यात दिव्य काही नाही, आम्हाला रस्ता हवा. आपल्याला हे ओळखीचे वाटले पाहिजे. 'हरिजन' हा शब्द कायद्यात आणू नका म्हणून १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाबासाहेब आणि त्यांच्या पक्षाच्या सदस्यांनी सभात्याग केला होता. गोड नाव देऊन हक्काचा प्रश्न मिटत नाही. म्हणून ज्याच्याशी बोलायचे त्यालाच विचारावे, तुला काय म्हणवून घ्यायला आवडेल.

कुठे जमले आहे

हे जमू शकते याची उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. वरोऱ्याच्या आनंदवनात 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद आहे. त्यात अंध, कर्णबधिर, कुष्ठमुक्त कलाकार एकत्र कार्यक्रम करतात आणि लोक तिकीट काढून ऐकायला येतात. स्वागत थोरात यांनी अंध कलाकारांना घेऊन 'स्वातंत्र्याची यशोगाथा' हे नाटक बसवले. पुढे त्यांनीच १५ फेब्रुवारी २००८ रोजी 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले. राज्य शासनाच्या नाट्य स्पर्धांमध्ये दिव्यांग बालनाट्याची वेगळी स्पर्धा होते.

या उपक्रमांचा आदर ठेवून एक प्रश्न विचारावासा वाटतो. वेगळी स्पर्धा, वेगळा वाद्यवृंद, वेगळा दिवस ही सुरुवात आहे. पण शेवटही तोच असेल का? वेगळ्या पाणवठ्याने पाणी मिळते, पण बरोबरी मिळत नाही, हे महाडचा सत्याग्रह करणाऱ्यांच्या वारसांना सांगायला नको. गावाच्या एकाच कोरसमध्ये डोळस आणि अंध शेजारी बसतील, ते ध्येय ठेवले पाहिजे.

आपण काय करू शकतो

पुढच्या जयंतीच्या आधी, मोठा निधी नसताना, तालुक्यातल्या कोणत्याही गावात होऊ शकतील अशी ही कामे.

पहिले, उत्सव समितीत जागा. वर्गणी आणि कार्यक्रम ठरवणाऱ्या बैठकीत गावातली किमान एक दिव्यांग व्यक्ती सभासद म्हणून हवी. बैठक पायऱ्या चढून जावे लागणाऱ्या गच्चीवर नको. ती आली की बाकीचे प्रश्न आपोआप पुढे येतात.

दुसरे, प्रॅक्टिसची ने-आण. अंध कलाकार 'येत नाहीत' असे म्हणण्याआधी मोटारसायकलवरून घेऊन येण्याची पाळी लावा. नवे गाणे बसवताना ओळी आधी मोबाइलवर आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. वही फक्त डोळसांना उपयोगी असते, आवाज सगळ्यांना.

तिसरे, स्टेज आणि मिरवणूक. स्टेजला पायऱ्यांबरोबर फळ्यांचा पक्का उतार करायला मंडपवाल्याला आधीच सांगा. उतार उभा नको. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, हे सर्वसाधारण प्रमाण. मिरवणुकीत डीजेचा दणदणाट श्रवणयंत्र वापरणाऱ्याला आणि स्वमग्न मुलांना असह्य होतो, आणि आवाजावरून वाट ओळखणारा अंध माणूस त्यात हरवतो. मिरवणुकीचा काही भाग फक्त ढोलकी-लेझीमचा ठेवला तर या सगळ्यांना चालता येईल. म्हातारी माणसेही दुवा देतील.

चौथे, खुणांची भाषा. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने दहा हजार शब्दांचा कोश तयार केला आहे आणि तो इंटरनेटवर मोफत पाहता येतो. गावातल्या कर्णबधिर मुलांना गुरू करून दोन-चार तरुणांनी शिकायला घ्यावे. त्रिशरण-पंचशील खुणांच्या भाषेत म्हणता येईल अशी तयारी पुढच्या बुद्धपौर्णिमेपर्यंत होऊ शकते. मूकनाट्य या प्रकारात तर कर्णबधिर कलाकारच आपल्याला शिकवतील. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात मूकनाट्य असते. जाफराबादच्या सिद्धार्थ महाविद्यालयात किंवा जालन्यात शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी संघ निवडतानाच हा विचार मांडावा.

पाचवे, आवाजी ग्रंथ. वर्षावासात आपण वाचतोच, तर तेच वाचन नीट रेकॉर्ड करावे. बाबासाहेबांच्या हयातीतल्या मूळ लेखनावरील स्वामित्वहक्काची मुदत संपली आहे. अनुवाद किंवा इतर पुस्तकांच्या बाबतीतही, दिव्यांगांना वाचता येईल अशा स्वरूपात नफा न घेता रूपांतर करण्याची मुभा २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात आहे. 'सुगम्य पुस्तकालय' या ऑनलाइन ग्रंथालयाची नोंदणी अंध वाचकांना करून द्यावी.

सहावे, निधी. ग्रामपंचायत, नगरपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद यांनी आपल्या स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची आहे. ती कशावर खर्च झाली हे ग्रामसभेत विचारा. समाजमंदिराला उतार, वाद्ये, प्रशिक्षण यांसाठी लेखी ठराव मांडा. तालुक्यात कुणी जुना दिव्यांग शाहीर, ढोलकीपटू, भजनी गायक असेल, तर राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजनेचा अर्ज त्याच्यासाठी भरा. या योजनेत दिव्यांगांना वयाच्या अटीत सवलत आहे. कार्यक्रमांची जुनी पत्रके, फोटो, कात्रणे जमवणे हे काम तरुणांनी करावे, कारण अर्ज बहुधा पुराव्याअभावी अडतो.

सातवे, लेणी. जाफराबादहून अजिंठ्याला सहली जातात, आणि जो चढू शकत नाही तो घरी राहतो किंवा बसमध्ये बसून राहतो. अजिंठ्याला डोलीची सोय आहे. तिची चौकशी आणि खर्च सहलीच्या हिशोबात आधीच धरावा. अंध मुलासाठी चित्रातली जातककथा आधी सांगून न्यावे, शाडूच्या मातीत तिचे प्रसंग करून हाताला दाखवावे.

काही आक्षेप

लोक म्हणतील, आधी जातीचा प्रश्न, अत्याचाराचा प्रश्न, आरक्षणाचा प्रश्न. हे सगळे मध्येच कशाला? त्यावर आमचे म्हणणे, बौद्ध दिव्यांग स्त्री हे तिन्ही प्रश्न एकाच देहावर वाहते. तिला 'आधी' आणि 'नंतर' अशी निवड नसते. आपल्या स्त्रियांनाही एकेकाळी हेच उत्तर मिळाले होते, आणि ते चुकीचे होते.

दुसरा आक्षेप, कार्यक्रमाचा दर्जा घसरेल. ज्यांना हे वाटते त्यांनी गायन पार्टीत नव्याने आलेला डोळस मुलगा पहिल्या महिन्यात कसा गातो ते आठवावे. त्याला आपण वेळ देतो, तेवढाच वेळ इतरांनाही द्यायचा आहे. दयेने माईक देऊ नका. रियाज करून घ्या, चुकले तर सांगा, बरे झाले तर मानधनातला वाटा बरोबरीने द्या.

तिसरा आक्षेप, ते स्वतःच पुढे येत नाहीत. खरे आहे. आपलेही आजोबा गावच्या देवळासमोर पुढे येत नव्हते. त्यामागे काय होते हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

शेजारच्या भोकरदनचे जुने नाव भोगवर्धन. तिथल्या साध्या माणसांनी, स्त्रियांनी दिलेल्या दानाचे लेख सांचीच्या स्तूपावर कोरलेले आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या या भागातली माणसे इतक्या दूरच्या कलाकृतीत आपला दगड घालून आली आणि त्यांचे नाव राहिले. धम्माची कला अशीच उभी राहिली, प्रत्येकाचा हात लागून. आज आपल्या वस्तीतल्या काही हातांना आपण ती लावूच देत नाही.

म्हणून पुढच्या बैठकीत अजेंड्यावर एकच ओळ वाढवा: कोरसमध्ये, समितीत, स्टेजवर यंदा कोण नवे येणार? मग त्या तीन गल्ल्या चालून जा आणि विचारा. आम्हीही जाणार आहोत, त्याच घरी. उशीर झाला आहे हे आधी कबूल करून.

नमो बुद्धाय, जयभीम.